उणे २८ मध्ये चार्जिंग: आल्टा ते कौटोकाइनो

इलेक्ट्रिक गाडी घेऊन नॉर्वेच्या अगदी उत्तरेला आल्टा सोडलं तेव्हा बाहेरचं तापमान उणे ७ होतं. उबदार सागरी प्रवाहामुळे इथला किनारा जानेवारीतही तसा सुसह्य असतो. पण ई ४५ रस्ता दरी चढून फिनमार्कच्या पठारावर आला की आकडा घसरू लागतो. मासी गावापाशी उणे २४, कौटोकाइनोत शिरताना उणे २८. याच पठारावरच्या कारास्योकमध्ये १ जानेवारी १८८६ रोजी उणे ५१.४ नोंदलं गेलंय, तो नॉर्वेतला नीचांक. म्हणजे आमच्यावर हवामान मेहेरबानच होतं.

निघण्याआधी ज्याने त्याने रेंजची, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती लांब जाईल याची, भीती घातली होती. एरवी शंभर किलोमीटरला सोळा-सतरा युनिट खाणारी ही भाड्याची इलेक्ट्रिक गाडी इथे अठ्ठावीस खात होती, हे खरंच. तरी १३० किलोमीटरला बॅटरी ९२ टक्क्यांवरून ४१ वर आली, एवढंच. मला धाकधूक होती ती चार्जरपाशी काय होणार याची.

गारठलेल्या बॅटरीत लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) तिच्या ऋण टोकाच्या ग्राफाइटमध्ये शिरायला फार वेळ घेतात. त्यात जोरात करंट सोडला तर ते आत न जाता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात, आणि तेवढी क्षमता बहुतांशी कायमची जाते. म्हणून गाडी स्वतःच करंट आवळून धरते. चार्जरवर कितीही मोठा आकडा रंगवलेला असो, किती घ्यायचं ते गाडी ठरवते. यावर उपाय असा की चार्जरचा पत्ता गाडीच्याच नकाशात टाकायचा, म्हणजे ती वाटेतच बॅटरी तापवायला घेते. यात वीज जाते, पण ती कंजूषी करण्यात अर्थ नाही.

आम्ही पोहोचलो, प्लग लावला आणि आकडा ९५ किलोवॉटवर गेला. शेजारी रात्रभर उघड्यावर उभी असलेली एक गाडी होती. तिला १८ मिळत होते. मालक आत बसून शांतपणे कॉफी पीत होता. त्याला सवय असणार.

प्लग लावणं हेही एक प्रकरण. फास्ट चार्जरची जाडजूड केबल या थंडीत वाकायलाच तयार नसते. दोघांनी मिळून ती ओढत आणली. प्लग आधी उलटा धरून झटकायचा. आत भुरभुर बर्फ राहिला तर पिना नीट बसत नाहीत. झाकण गोठलं असेल तर हाताने हलकेच ठोकायचं. गरम पाणी ओतायचा मोह आवरावा, दोन मिनिटांत त्याचाच बर्फ होतो.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी भिंतीवर बाहेर साधं सॉकेट होतं. १० अँपिअर म्हणजे जेमतेम २.३ किलोवॉट, त्यातली बरीचशी वीज बॅटरी उबदार ठेवण्यातच जाते. सकाळी टक्के फारसे वाढले नव्हते. तरी लावून ठेवण्यात फायदा होता: निघण्याआधी गाडीची केबिन भिंतीच्या विजेवर तापवता आली.

परतीला पहिले काही किलोमीटर अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी गाडी नेहमीसारखी आवरत नव्हती. गार बॅटरी चार्जरची वीज नाकारते, तशीच ब्रेकिंगमधून परत येणारीही नाकारते. बर्फाळ रस्त्यावर हे आधी ठाऊक असलेलं बरं. मासी येईपर्यंत ते ब्रेकिंग हळूहळू परतलं आणि मी पुन्हा एका पेडलवर गाडी चालवायला लागलो.