उलटण्यापासून सुरुवात : कॅनू पोलो क्लबमधील माझे पहिले वर्ष

कॅनू पोलो म्हणजे कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने बसायच्या अरुंद होडीत, बसून खेळायचा चेंडूचा खेळ. दोन्ही बाजूंचे पाच-पाच खेळाडू पाण्यात असतात आणि पाण्यापासून २ मीटर उंचीवर टांगलेल्या, दीड मीटर रुंद व १ मीटर उंच गोलमध्ये चेंडू टाकायचा असतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडमधील शेफील्डला येईपर्यंत मी या खेळाचे नावही ऐकले नव्हते. त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९४ मध्ये याच शहरात झाली होती, हे तर फार पुढे कळले.

वर्षाच्या आरंभी विद्यार्थी संघटना सर्व क्लबांचा मेळावा भरवते, तिथे मी नाव दिले. शुल्क भरण्याआधी सरावाला येऊन पाहण्याची मुभा होती आणि होडी, वल्हे, जाळीचे हेल्मेट, तरंगते जॅकेट हे सारे क्लबचेच होते, त्यामुळे पोहण्याचा पोशाख आणि टॉवेल एवढ्यावर भागले. अर्जात आजारांची माहिती, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे आणि पोहता येते का, असे प्रश्न होते. आजोळच्या विहिरीत पोहायला शिकलेली असल्यामुळे शेवटच्या प्रश्नापुढे मी निःशंकपणे खूण केली. पोहता येणे आवश्यक असले, तरी नवख्याची खरी परीक्षा वेगळीच असते, आणि ती म्हणजे उलटलेल्या होडीतून बाहेर पडणे.

या होड्या जास्तीत जास्त ३ मीटर लांब असतात आणि धडकेने कोणाला इजा होऊ नये म्हणून त्यांच्या दोन्ही टोकांना मऊ आवरण असते. आत पाणी शिरू नये यासाठी कंबरेभोवती स्प्रेडेक नावाचा घट्ट पडदा घालून त्याची कड होडीच्या तोंडाला बसवतात, म्हणजे खेळाडू होडीत जवळजवळ बांधलाच जातो. पोहण्याच्या तलावात, शेजारी छातीभर पाण्यात एक अनुभवी सदस्य उभा असताना, मुद्दाम उलटायचे, पुढे वाकून दोन्ही हातांनी होडीच्या तळावर थापा मारायच्या, स्प्रेडेकच्या पुढच्या बाजूची पट्टी चाचपून ओढायची आणि मग पायजमा उतरवावा तशी होडी पायांवरून उतरवत बाहेर यायचे. सांगायला हे सोपे आहे. पण नाकात क्लोरिनचे पाणी शिरलेले असताना शरीर मागे ताठ होऊ पाहते आणि पट्टी तर पुढे असते. त्यामुळे पुढे वाकण्याची सवय लागेपर्यंत बाकी काहीही शिकण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

त्यानंतरचा टप्पा रोलचा, म्हणजे होडीतून बाहेर न पडता तिच्यासकट सरळ होण्याचा. आधी तलावाचा काठ धरून केवळ कंबरेच्या झटक्याने होडी फिरवायची, आणि डोके सर्वांत शेवटी पाण्याबाहेर काढायचे. श्वासासाठी आसुसलेला माणूस नेमके डोकेच आधी वर काढतो आणि पुन्हा बुडतो. आमच्या गटात दंडात भरपूर बळ असलेली मुले यात मागे पडली, कारण ती वल्ह्यावर जोर देत राहिली. मला रोल हिवाळ्याच्या सुट्टीनंतर जमू लागला, तोही एकाच बाजूने.

प्रत्यक्ष खेळ त्या मानाने लवकर समजला. चेंडू हातात पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याला उघड्या तळहाताने खांद्यावर किंवा पाठीवर ढकलून पाण्यात उलटवणे नियमात बसते. मात्र चेंडूसाठी कोणी हात पुढे केलेला असताना जवळ वल्हे नेणे हा दोष धरला जातो. ढकलण्याचा संकोच मला बराच काळ वाटत राहिला. मी दर वेळी माफी मागत असे आणि उलटलेली मुलगी पाण्याखाली असल्यामुळे ती तिला ऐकूही जात नसे!

वसंतात सराव बाहेरच्या तळ्यावर हलला, तेव्हा वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब देणारा घट्ट पोशाखही क्लबनेच दिला. पुढच्या वर्षी मला गोलरक्षण शिकायचे आहे. वल्हे डोक्यावर उभे धरून गोल अडवताना तोल केवळ कंबरेने सांभाळावा लागतो. म्हणून दुसऱ्या बाजूचा रोल त्याआधी पक्का करून ये, असे प्रशिक्षकांनी बजावले आहे.