वागळे इस्टेट ते गव्हाण, व्हाया कळंबोली

परतीचा पाऊस अजून पुरता गेला नव्हता, म्हणूनच कॅरव्हानची गळती तपासायच्या या फेरीसाठी ऑक्टोबर निवडला. कोरड्या हवेत कुठलीही कॅरव्हान शहाणीच वागते. आमची दहा फुटी, एका अॅक्सलची, बोलेरोच्या मागे जोडायची. सेकंडहॅण्ड घेतलेली. सामानसुमान धरून सहाशे किलोच्या आसपास भरते. वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या गाळ्यात एका कोपऱ्यात ती उभी असते, कारण सोसायटीच्या पार्किंगचा विषय काढला की सेक्रेटरींचा रक्तदाब वाढतो.

कॅरव्हान आहे म्हटलं की लोक विचारतात, फ्रिज आहे का, टॉयलेट आहे का, बेड केवढा आहे. चाकाच्या बेअरिंगबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, पण गाडीमागे ओढायची छोटी कॅरव्हान बाळगणारे आपल्याकडे अजून मोजकेच. त्यामुळे हिचं असं सर्व्हिस सेंटर नाही. त्याची मला फारशी खंतही नाही. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात हिला लागणारी प्रत्येक वस्तू मिळते, फक्त ती ट्रकवाल्यांच्या, फॅब्रिकेटरच्या आणि ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुनियेत मागायला जावं लागतं. हा प्रवास म्हणजे त्या दुनियेचीच फेरी होती. मुक्काम गव्हाणला, उलव्याच्या बाजूला, ओळखीच्या काकांच्या वाडीत. सोबतीला भाचा, मेकॅनिकल डिप्लोमावाला.

निघण्याआधीचं मोठं काम गळतीचं. ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि कॅरव्हानचं छप्पर म्हणजे पत्र्याचे तुकडे, स्क्रू आणि सांधे. पाणी एका सांध्यातून शिरतं आणि चार फूट लांब कुठेतरी दिसतं, त्यामुळे ओल दिसते तिथे सीलंट फासण्यात अर्थ नसतो. यावर एक सोपी युक्ती आहे. दारं-खिडक्या बंद करायच्या, फटींना टेप मारायची आणि छताच्या व्हेंटमधून ब्लोअरने आत हवा भरत राहायची. मग बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे ट्यूब बुडवता येत नाही म्हणून पाणी बाहेरून.

बुडबुडे आले ते पुढच्या खिडकीच्या वरच्या कडेला आणि मागच्या दिव्याच्या वायरीपाशी. आधीच्या मालकाने तिथे सिलिकॉनवर सिलिकॉन चढवलेलं होतं. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. ते पूर्ण खरवडून, थिनरने पुसून, मगच नवा थर द्यावा लागतो. भाच्याने प्लास्टिकच्या पट्टीने अख्खी दुपार ते खरवडलं. खिडकीच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप आणि बाहेरच्या सांध्याला पॉलियुरेथेन सीलंट, अशी जोडी आम्ही वापरली. ब्यूटाइल कधीच कडक होत नाही, त्यामुळे गाडी हादरली तरी ते सांध्यासोबत हलतं. ओट्याचं प्लायही बदललं. दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून काहीही गळ्यात मारतात, तेव्हा फळीवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्यावा. मरीन प्लायचं मानक ते, आणि त्यातला डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. आयएस ३०३ लिहिलेलं वेगळं आणि स्वस्त. पण ७१० घेतलं तरी कापलेल्या कडांतून पाणी शिरतंच, म्हणून कडांना इपॉक्सी लावून मगच स्क्रू मारले.

सोलरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इंटरनेटवर लोक याच्यावरच सगळ्यात जास्त बोलतात. छतावर १०० वॅटचं पॅनल, आत १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. १२.८ व्होल्टने गुणलं की साधारण १,२८० वॅट-अवर. पंचवीस वॅटचा डीसी पंखा आठ तास चालला तर दोनशे जातात. दिवे आणि मोबाइल मिळून किरकोळ. उन्हाळ्यात हिशेब सहज जमतो, जुलैत नाही. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकलेला असावा, बाकी हौस आपापली.

सकाळी लवकर निघालो. जोडणी करताना माझा एक शिरस्ता आहे. बोलेरोच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर कॅरव्हानच्या दांड्याचा कपलर बसवून खटका लावला की पुढचा जॅक फिरवून बोलेरोचं बूड जरासं उचलून बघायचं. उचललं गेलं तर कपलर पक्का बसलाय. मग दोन्ही साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो.

गोळ्यावर किती भार येतो तेही आदल्या दिवशी मोजलं होतं, घरातल्या वजनकाट्यावर. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यावर हवा, म्हणजे आमच्या बाबतीत ६० ते ९० किलो. काटा ४५ दाखवत होता. भार पुढे कमी पडला की वेग घेतल्यावर कॅरव्हान मागे शेपटासारखी डोलायला लागते, आणि तो डोल आपल्या गाडीलाही घेऊन जातो. पाण्याचे कॅन आणि टूलबॉक्स अॅक्सलच्या पुढे सरकवले, काटा सत्तरीवर आला.

"मामा, आत्याच्या लग्नातल्या मांडवात पण एवढी तयारी नव्हती," भाचा म्हणाला. त्याच्या आत्याचं लग्न झालं तेव्हा हा पाळण्यात होता, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही.

कळव्या-विटाव्यावरून जाणं टाळलं. विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाऊस पडला की पाणी साचतं, आणि नसलं तरी त्या गर्दीत मागे दहा फूट ओढत नेण्यात मजा नाही. ईस्टर्न एक्सप्रेसवरून मुलुंडमार्गे ऐरोली पूल धरला. खाली ठाण्याची खाडी. २०१५ मध्ये ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. फ्लेमिंगो यायला अजून अवकाश होता, ओहोटीचा चिखल आणि दोन्ही काठांचं खारफुटीचं रान तेवढं दिसत होतं. सुंदर दिसतं, आणि हीच खारी हवा आमच्या चासीला खाते. गाळ्यात उभ्या उभ्या तिला गंज चढतो. पावसाळ्याआधी वायरब्रश मारून झिंकचा प्रायमर दिला होता. तरीही वेल्डिंगच्या जागा तांबूस झालेल्या होत्या. गंज पहिल्यांदा वेल्डवरच धरतो.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर उजेड चांगलाच वर आला. डाव्या हाताला पारसिकची टेकडी अजून हिरवीगार, आणि सोबत रबाळे, महापे, पावण्याच्या कंपन्यांच्या बसेस. उड्डाणपुलांच्या सांध्यांवरून जाताना मागून 'धाड-धाड' असा दुहेरी आवाज येतो, आधी आपली गाडी आणि मागोमाग ती. वेग पन्नास-पंचावन्न. मागून हॉर्न वाजतात, वाजू द्यावेत.

रबाळ्याच्या पुढे बाजूला घेऊन उतरलो आणि चाकांच्या हबवर, म्हणजे बेअरिंग असतं त्या मधल्या तुंब्यावर, हात ठेवला. दर थांब्याला हे करायचंच. डावा हब कोमट. उजवा चांगलाच गरम, हात टेकवेना. दोन्हींमध्ये एवढा फरक असला की समजायचं, गरम आहे त्या बाजूचं बेअरिंग काहीतरी सांगतंय. अॅक्सलला ब्रेक नाहीत, त्यामुळे ब्रेक धरून तापण्याची शक्यताही नव्हती. नाहीतरी कळंबोलीला जायचंच होतं. तुर्भ्याला वडापाव घेतला, वेग अजून कमी केला आणि सायन-पनवेल रस्त्याने नेरूळ, उरण फाटा, खारघर करत, दर थोड्या अंतराला हात लावून बघत, निघालो.

कळंबोली मला आवडते हे सांगितलं की घरचे हसतात. लोखंडाचा बाजार, ट्रकच्या रांगा, चाळीस फुटी ट्रेलर, टपरीवर चहा घेणारे निम्म्या देशातले ड्रायव्हर. आमची कॅरव्हान त्या रांगेत उभी राहिली तेव्हा दोन क्लीनर आत डोकावून गेले. एकाने विचारलं, "आइस्क्रीम का गाडी है क्या?"

कमानीवाल्याच्या, म्हणजे ट्रकच्या पाट्यांच्या स्प्रिंगा बसवणाऱ्याच्या, दुकानापुढे जॅक लावला आणि भाच्याने हब उघडला. टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर, मग बाहेरचं बेअरिंग. ग्रीस काळं नव्हतं, दुधी कॉफीच्या रंगाचं झालं होतं. पाणी शिरल्याची खूण ती. मागचं ऑइल सील कडेला फाटलेलं, पावसाळ्यातल्या खड्ड्यांचं पाणी तिथूनच आत जात असणार. रोलरवर निळसर डाग आणि कपाच्या, म्हणजे रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्याच्या, आतल्या बाजूला बारीक खळगे.

दुकानदाराने बेअरिंग हातात घेऊन चिंधीने पुसलं. कडेवर ३०२०५ कोरलेलं होतं.

"पंचवीस एमएमचा शाफ्ट," तो न मोजताच म्हणाला.

भाच्याने माझ्याकडे बघितलं. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे आतलं भोक किती मिलिमीटर ते. ०५ म्हणजे २५. (०४ पासून पुढेच हा नियम चालतो.) तीन वर्षं डिप्लोमा करून हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता दिवसभर तो दिसेल त्या बेअरिंगचा नंबर वाचत सुटणार होता.

बेअरिंगसोबत बाहेरचा कपही बदलावा लागतो. जुन्या कपात नवं बेअरिंग फिरवणं म्हणजे पैसे पाण्यात. ग्रीस वरून फासून उपयोग नाही. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायची, रोलरच्या मधून ग्रीस पलीकडे बाहेर येईपर्यंत. सील नेहमी नवंच. नट आवळताना चाक हाताने फिरवत आवळायचं, जड लागलं की सैल करायचं, आणि मग नुसत्या बोटांनी बसेल तेवढंच घट्ट. पुढच्या खाचेत स्प्लिट पिन. मेकॅनिक पाना घेऊन जोरात आवळायला निघाला, तेव्हा भाच्याने त्याचा हात धरला. "दादा, एवढं नको, जळेल." दादाने मानलं, पण तोंड वाकडं करून.

तिथेच कमान अॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नटही तपासून घेतले. नवीन कमान बसवली की शंभरेक किलोमीटरनंतर ते हमखास ढिले होतात, कारण पाटे एकमेकांवर बसायला वेळ घेतात. टायर चांगले दिसत होते, पण बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कॅरव्हानचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या उन्हात म्हातारे होतात. नक्षी शाबूत असली तरी पुढच्या सुट्टीआधी दोन्ही बदलणार.

कळंबोलीहून जेएनपीटी बंदराच्या रस्त्याला लागलो. इथे कंटेनरवाल्यांचं राज्य. ते शेजारून गेले की हवेचा झोत आमच्या डब्याला आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. दांड्यावरचा भार बरोबर असल्याचं समाधान या रस्त्यावर कळलं. गव्हाण फाट्यापाशी पुन्हा हब बघितले, दोन्ही सारखेच कोमट.

वाडीचं फाटक अरुंद, आणि आत रिव्हर्सच घ्यावी लागणार होती. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला हात धरायचा. हात ज्या दिशेला सरकेल त्या दिशेला कॅरव्हानचं बूड वळतं, डोक्यात उलटसुलट हिशेब करावा लागत नाही. काका तोवर पायरीवर येऊन बघत होते. गाडी लागली तसं एक चक्कर मारून म्हणाले, "गारी हाय का घर?"

"दोन्ही, काका."

"पंखा हाय का आत?"

पंखा होता. संध्याकाळी काकूंनी दिलेलं बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी झाली, आणि रात्री साडेदहाला ज्याच्यासाठी आलो होतो तो पाऊस आला. तासभर चांगला धो-धो. टॉर्च घेऊन आम्ही खिडकीची कड, दिव्याची वायर, छताचे कोपरे चाचपले. सगळं कोरडं. सकाळी मात्र काचा आतून ओल्या होत्या. भाचा दचकला, पण ती गळती नव्हती. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड पत्र्यावर आणि काचेवर जमते. पावसाच्या धाकाने आम्ही व्हेंट बंद ठेवलं होतं. पाऊस असला तरी एक खिडकी बोटभर उघडी आणि पंखा हवा बाहेर फेकेल असा लावला की बरंच निभतं. नाहीतर गादीखाली बुरशी.

चहा पिताना काकांनी हळूच विषय काढला. त्यांच्याकडे दोन चाकांची एक ट्रॉली आहे, छोट्या ट्रॅक्टरला जोडून खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावर माती नेतात. तिचं चाक सारखं जाम होतं, दरवर्षी बेअरिंग जातं. भाच्याने टोपी काढली तर आत ग्रीसऐवजी तपकिरी लगदा.

"चालवत चालवत थेट पाण्यात घालता का?" मी विचारलं.

"मग? थांबतो का तिथं!"

कारण तेच होतं. हब चालून गरम झालेला असतो, आतली हवा फुगलेली असते. तो थंड पाण्यात गेला की हवा आकसते आणि सीलच्या फटीतून खारं पाणी आत ओढून घेते. होडीच्या ट्रेलरचे हब असेच जातात. पाण्यात घालण्याआधी थोडा वेळ थांबून हब थंड होऊ द्यावा, आणि काम झालं की गोड्या पाण्याने धुवावा. काकांनी ऐकून घेतलं. थांबतील असं वाटलं नाही.

भाचा मात्र केव्हाच चिंधी घेऊन नंबर पुसायला बसला होता. ३०२०६ निघाला. "तीस एमएम, काका," त्याने कळंबोलीच्या दुकानदाराच्या थाटात सांगितलं. काकांचा मुलगा स्कूटरवरून पनवेलला जाऊन जोडी आणि सील घेऊन आला, आणि दुपारच्या जेवणाआधी ट्रॉलीचं चाक हाताने फिरायला लागलं. ग्रीसचा उरलेला डबा काकांकडेच ठेवला. वागळेला दुसरा मिळेल.