पंचवीस हजारांची रेघ

भोसरीतल्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं ऑडिट बरीच वर्षं माझ्याकडे आहे. संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सीएनसी आणि व्हीएमसी मशीनवर गाड्यांचे सुटे भाग करतात. जवळचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कारखाना बंद पडला तेव्हा मालकांनी तिथली पाच माणसं कामावर घेतली. सगळे चाळिशी उलटलेले, भट्टीवर नि फेटलिंगमध्ये (ओतीव भाग घासून साफ करण्यात) उमेद गेलेली. २०२२ चे गणपती उठले आणि ते रुजू झाले, पहिल्या दिवसापासून पीएफसकट.

तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ८०जेजेएएखाली नव्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या ३० टक्के जादा वजावट कंपनीला करपात्र उत्पन्नातून तीन वर्षं मिळायची. अट अशी की माणूस आर्थिक वर्षात किमान २४० दिवस कामावर हवा. ४ ऑगस्टपासून ३१ मार्चपर्यंत बरोबर २४० दिवस होतात, त्यामुळे ही तारीख आमच्या डोक्यात पक्की बसलेली असते. गणपतीनंतर आलेला माणूस त्या वर्षी बाद. २०१८ च्या दुरुस्तीमुळे तो पुढच्या वर्षी धरता येतो. शिवाय पीएफ हवा, पगार बँकेतून हवा, एकूण संख्या वाढलेली हवी आणि महिन्याचा पगार २५,००० च्या वर नको. मस्टर, पीएफचा ईसीआर (दरमहा भरायचं विवरणपत्र) आणि बँक स्टेटमेंट या तिन्हींत नाव जुळल्याशिवाय मी या वजावटीच्या अहवालावर, म्हणजे फॉर्म १०डीएवर, सही करत नसे. बरेच जण पगारपत्रकावरून सरळ आकडा उचलतात आणि नोटीस आली की धावपळ करतात.

जुलै २०२३ मध्ये मालक ऑफिसात आले ते खुशीत होते. पाचांपैकी एकजण आता व्हीएमसीवर स्वतः जॉब सेट करत होता. मापं घ्यायचा व्हर्नियर हातात धरायलाही बिचकणारा हा माणूस. आता हत्याराचं माप मशीनला देतो (टूल ऑफसेट), माल न कापता ड्राय रन करून मगच पहिला पीस काढतो. एप्रिलपासून त्याला २४,००० होते, जुलैपासून २६,५०० करायचे होते. बाकीचेही मागोमाग तयार होत होते. मी लॅपटॉपवर त्याच्या ओळीत नवा आकडा टाकला. वर्षाची मासिक सरासरी २५,८७५. तो वजावटीतून बाहेर गेला.

मालकांनी हिशेब मागितला, मी मांडून दाखवला. २४,००० वर ठेवलं तर वर्षाचे २,८८,०००, त्याचे ३० टक्के ८६,४००, असं तीन वर्षं. कंपनीच्या २५.१७ टक्के दरानं एका माणसामागे सुमारे ६५,००० रुपये कर वाचतो. वाढ मार्चपर्यंत लांबवली तर माणसाचे नऊ महिन्यांचे २२,५०० बुडतात. मालक बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, ''मॅडम, एप्रिलला दिली वाढ तर चालेल ना?''

कायद्यानं चालतं. मी तसं सांगितलं. पण त्याच माणसाच्या हातानं तुमचं मशीन चालतंय, उद्या चाकणला २८,००० मिळाले तर तो थांबणार नाही, हेही सांगितलं.

ही २५,००० ची रेघ २०१६ च्या वित्त कायद्यानं आखली आणि तिथेच राहिली. नवशिक्या हेल्परला ती पुरते. शिकून तयार झालेल्या ऑपरेटरला नाही. म्हणजे माणूस जितका चांगला शिकवावा तितकी सवलत जाण्याची भीती जास्त. आणि शिकवण्याचा खर्च कायदा बघतच नाही. शिकण्याच्या पहिल्या चार महिन्यांत मशीन रिकामं राहिलं, रिजेक्शन वाढलं, एक अनुभवी सेटर निम्मा दिवस त्यांच्यामागे उभा होता. हे सारं नेहमीच्या उत्पादन खर्चात गेलं. शेजाऱ्याचा तयार ऑपरेटर २५,००० च्या आत फोडून आणला असता तरी हीच वजावट मिळाली असती. माणूस आधी बेकार होता का, हे फॉर्ममध्ये कुठेच विचारलेलं नाही. २०१२ मध्ये कलम ३५सीसीडी आलं होतं, कौशल्य विकास प्रकल्पाच्या खर्चावर कंपनीला दीडपट वजावट. प्रकल्प आधी अधिसूचित करून घ्यायचा. वर्कशॉपवाल्याच्या आवाक्यातलं ते नव्हतंच. २०२० पासून ती दीडपटही गेली.

उठता उठता मालकांनी खिशातून घडी केलेली पावती काढली. त्याच माणसानं संध्याकाळी क्लासला जाऊन व्हीएमसी प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं होतं. जुना कारखाना बंद पडताना मिळालेल्या भरपाईतून २८,००० भरले होते. ''ह्याचं काही होतं का, विचारून ये म्हणाला.'' ती भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त असते, तेवढंच. कलम ८०सीच्या वजावटीत तेव्हा दोन मुलांची फी बसायची, स्वतःची नाही. बसली असती तरी त्याच्या उत्पन्नावर करच लागत नव्हता, मग वजा कशातून करणार? अशा माणसाला हातात रोख परतावा मिळाला तरच उपयोग, आणि तशी तरतूद आपल्याकडे नाही. मी पावती परत दिली. मालकांनी ती पुन्हा नीट घडी घालून खिशात ठेवली.

पुढे त्यांनी त्याची वाढ जुलैपासूनच दिली. उरलेल्या चौघांची मात्र एप्रिल २०२४ पर्यंत थांबवली. सप्टेंबरमध्ये मी १०डीए भरला, त्यात चार नावं होती. कागद चोख आहेत, कुणीही तपासावेत. वाढ का थांबली होती, ते त्या चौघांना कुणी सांगितलं नसावं. मीही विचारलं नाही.