एकाहत्तरच्या सैनिकांची संघटना चालवताना

युद्ध चौदा दिवसांत संपलं. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि 16 तारखेला ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. 93 हजार लोक आपल्या ताब्यात आले. त्या चौदा दिवसांच्या नात्यावर उभी राहिलेली आमची संघटना मात्र अजून चालू आहे आणि तिचे कागद आता कपाटात मावत नाहीत.

गेली काही वर्षं मी तिचा सरचिटणीस आहे. पराक्रमाशी त्याचा काही संबंध नाही. मी हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. लढाईच्या दिवसांत पूर्व आघाडीवर एका ब्रिगेडच्या मुख्यालयात होतो, आणि रायफलीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला. आधीचे सरचिटणीस वारले तेव्हा कार्यकारिणीत कुणीतरी म्हणालं, "क्लार्कसाब आहेत ना, द्या त्यांच्याकडे." दप्तर माझ्या घरी आलं ते दोन काळ्या पेट्यांतून. बायको म्हणाली, "पुन्हा पोस्टिंग आली वाटतं!"

संघटनेच्या नावात अखिल भारतीय आहे, नोंदणी मात्र महाराष्ट्रातली. 1860 च्या सोसायटी कायद्याखाली सात जणांच्या सह्या लागतात, तेवढी माणसं पहिल्या बैठकीतच होती. पुढे महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद करावी लागते, तीही झाली. अखिल भारतीय म्हणता तर बाकीच्या राज्यांतली माणसं दाखवा, हा प्रश्न कुणीही विचारणारच. आमच्याकडे ती होती, कारण पलटणीत माणूस पलटणीमुळे जोडला जातो, जिल्ह्यामुळे नाही. कांगड्याचा, रोहतकचा, कोइमतूरचा, बेळगावचा. त्यामुळे आमच्या सभेचं इतिवृत्त मराठीत, परिपत्रक हिंदीत, हिशेब इंग्रजीत आणि भांडण सगळ्या भाषांत.

पहिलं मोठं भांडण झालं ते सभासद कोण यावरून. काहींचं म्हणणं, ज्याच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार या आघाडीवरच्या पदकाची नोंद आहे तोच घ्या. सोपं होतं, कागदावर दिसतं. पण मग डेपोत, वर्कशॉपमध्ये, लष्करी इस्पितळात होते त्यांचं काय? वैद्यकीय शाखेतले एक सभासद, जन्मात आवाज न चढवणारे, त्या दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचे जखमी रात्री उतरवून कोण घेत होतं ते एकदा विचारा." त्यानंतर कुणी बोललं नाही. त्या दिवसांत जो वर्दीत होता तो सभासद, मत सगळ्यांना सारखं, अधिकारी असो की शिपाई. हा दुसरा भाग मान्य व्हायला पहिल्यापेक्षा वेळ लागला. आमच्यात अजूनही काही कर्नलसाहेब बोलायला उभे राहिले की निम्मी सभा सावधान होते, पाठ दुखत असली तरी.

लोकांना वाटतं, अशा संघटनेत रोज युद्धाच्या गोष्टी चालत असतील. वर्षातून एकदा चालतात, 16 डिसेंबरला, जेवणानंतर. तेव्हा जंगी पलटण म्हणजे पहिली मराठा आणि छत्रीवाले यांच्यातला जुना वाद निघतो. पहिली मराठा ढाक्याच्या उत्तरेकडच्या जमालपूरला होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. दोन दिवसांत जमालपूर पडलं. छत्रीवाले म्हणजे दुसरी पॅरा. ही पलटणही मुळात मराठाच, तिसरी मराठा. 1952 साली ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. 11 डिसेंबरला ती टांगाइलजवळ आकाशातून उतरली, माघार घेणाऱ्यांची वाट अडवायला, आणि 16 तारखेला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत होती. आता ढाका कुणामुळे पडलं? जमालपूरवाला म्हणतो, आम्ही दार फोडलं. छत्रीवाला म्हणतो, आम्ही आत पोचलो. दोघेही सातारा जिल्ह्यातले, दोघांच्याही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. वाद मिटत नाही आणि मिटू नये असं माझं मत आहे, कारण त्या एका तासासाठी माणसं दोन-दोन एसट्या बदलून येतात.

बाकी तीनशे चौसष्ट दिवस काम कागदाचं.

सगळ्यात आधी मी सभासदांची यादी हातात घेतली. रजिस्टरमध्ये नावं भरपूर, पण त्यातले हयात किती हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. फोन लावला की नंबर बंद. पत्र धाडलं की परत, नाहीतर गप्प. गेलेल्या माणसाच्या घरून संघटनेला कळवायचं कुणाला सुचतं? मग एक युक्ती लागू पडली. पेन्शनवाल्याला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, बहुतेकांचा नोव्हेंबरात, ऐंशी पार केलेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. आम्ही जिल्ह्याजिल्ह्यांत एकेक माणूस नेमला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला फोन करायचा ठरवला: "दाखला दिला का? स्पर्शवर नाव चढलंय का? आधारला मोबाइल जोडलाय का?" स्पर्श म्हणजे लष्करी पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था. फोन मदतीचा असला की लोक उचलतात, परत करतात, शेजारच्या गावातल्याचंही सांगतात. त्याच फोनात आमची यादीही ताजी होते. वर्गणीसाठी केलेल्या फोनला असं होत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

या फोनांमधूनच खरी कामं बाहेर आली. माझ्या वयाची माणसं आता ऐंशीला टेकली आहेत. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जास्त मिळतात, पंच्याऐंशीला 30, नव्वदला 40, पंच्याण्णवला 50 आणि शंभरीला दुप्पट. हे आपोआप व्हायला हवं, आणि जन्मतारीख नीट नोंदलेली असेल तर होतंही. जवानाची तारीख भरतीच्या वेळीच लिहिलेली असते. आमच्यापैकी निम्म्यांची 1 जून. मास्तरांनी शाळेत घालताना जी टाकली ती. एक पंजाबी सभासद आमची यादी बघून म्हणाले, "क्लार्कसाब, महाराष्ट्र में सब बच्चे एक ही दिन पैदा होते हैं क्या?" पण निदान तारीख आहे. त्याच्या मागे राहिलेल्या बायकोची जुन्या पेन्शन-पत्रावर तारीखच नसते. तिलाही हेच टक्के लागू आहेत. तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, दाखला नाही, आधारवर कुणीतरी अंदाजे वर्ष घातलेलं. त्या वयात तिनं वय सिद्ध करायचं.

आणि नाव. हे प्रकरण मी सरचिटणीस होईपर्यंत मला इतकं मोठं वाटलं नव्हतं, जरी आयुष्यभर पार्ट टू ऑर्डर टाइप करण्यात गेलं. लग्न झालं, मूल झालं, की जवानानं युनिटला कळवायचं, ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून यायचं आणि रेकॉर्ड ऑफिसला जायचं. ती ऑर्डर निघाली नसेल तर सरकारदरबारी तो माणूस अविवाहित. आता आपल्याकडे माहेरची शेवंता सासरी येऊन लक्ष्मी होते. जवान सुट्टीवरून परत आला की कधी हे नाव सांगणार, कधी ते. लिहून घेणारा उत्तरेकडचा असला तर बाईची देवी होणार. म्हणजे डिस्चार्ज बुकात शेवंता देवी, रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी आणि बँकेत आणखी काही. नवरा होता तोवर काही अडलं नाही.

माण तालुक्यातल्या एका आजींचं असंच झालं. नवरा एकाहत्तरला पश्चिम आघाडीवर होता, अलीकडे वारला, आणि कौटुंबिक पेन्शन अडकली. मुलगा माझ्याकडे आला तो पिशवीभर कागद घेऊन, त्यात विजेची बिलंसुद्धा होती. आम्ही डिस्चार्ज बुक काढलं, पेन्शन-पत्र काढलं, ग्रामपंचायतीचा मृत्यूदाखला घेतला. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यांसमोर केलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिक्क्यानिशी अर्ज रेकॉर्ड ऑफिसला गेला. तिथून त्रुटी आली: लग्नाची तारीख. आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "त्या साली आमच्या बोरीला लई बोरं आली हुती." साल काढायला मग गावातल्या दुसऱ्या एका जोडप्याची मदत झाली, त्यांचं लग्न त्याच मांडवात लागलं होतं आणि त्यांची नोंद होती. गावकामगार तलाठ्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांच्या सह्या झाल्या. बरेच महिने गेले. शेवटी थकबाकीसकट पैसे जमा झाले तेव्हा आजींनी मला बोलावून पुरणपोळी घातली आणि जेवताना विचारलं, "पण भाऊ, ते असताना दोघांचं मिळून जेवढं यायचं, त्यापेक्षा हे कमी कसं?" मी नियम समजावून सांगितला. पटला असं वाटलं नाही. मलाही तो सांगताना फार पटत नव्हता.

ज्यांना पेन्शनच नाही त्यांचा विषय वेगळा. जवानाला पेन्शनसाठी 15 वर्षं सेवा लागते. एकाहत्तरला लढलेले पुष्कळ जण त्याआधीच घरी आले, कुणी शेतीसाठी, कुणी आई आजारी म्हणून. त्यांच्याकडे पदक आहे आणि पेन्शन नाही. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या, पासष्टीपुढच्या अशा माणसाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळू शकते. ती 4,000 रुपये होती, 2025 मध्ये दुप्पट झाली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच जातो. ही माणसं संघटनेकडे येत नाहीत, त्यांना वाटतं ही पेन्शनवाल्यांची आहे. आम्ही तालुक्याच्या बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर टेबल टाकून बसलो तेव्हा त्यातले काही सापडले. एकानं पदक खिशातून काढून दाखवलं, रुमालात गुंडाळलेलं. डिस्चार्ज बुक पुरात गेलेलं. नंबर मात्र तोंडपाठ. आर्मी नंबर माणूस विसरत नाही, आणि नंबर असेल तर रेकॉर्ड ऑफिसात माग लागतो. त्यामुळे आता मी कुणालाही पहिल्यांदा नंबर विचारतो, नाव नंतर.

पैशांबद्दल थोडक्यात. वर्गणी नाममात्र, देणग्या 16 डिसेंबरच्या आसपास. देणगीबरोबर कधी कधी व्यासपीठावर खुर्चीही मागितली जाते. आम्ही पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवतो आणि व्यासपीठावर वीरपत्नींना. यामुळे काही देणग्या आटल्या. आटू देत.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त दमवलं ते. न्यासाचा एखादा विश्वस्त बदलला की 90 दिवसांत तसा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. इतर संस्थांत निवडणुकीनंतर एकदा हे होतं. आमच्याकडे विश्वस्त निवडणुकीची वाट पाहत नाहीत. मी दुखवट्याला जातो, घरच्यांचं सांत्वन करतो, आणि तेरावा झाला की त्याच घरी फोन करून म्हणतो, "वहिनी, दाखल्याची एक प्रत लागेल." हे वाक्य कितीही वेळा म्हटलं तरी जिभेला जड जातं. मग सभेची नोटीस, इतिवृत्त, नव्या माणसाचं संमतीपत्र. नवा माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. एक चेंज रिपोर्ट मंजूर होण्याआधी दुसरा तयार.

यावर उपाय दोन. एक, सभासदांच्या मुलांना घ्या. त्यांची उमेद आहे, मोबाइल येतो. मी याच बाजूचा होतो. पण जुन्यांची भीतीही खोटी नाही: उद्या संघटनेचं नाव एकाहत्तरचं आणि कारभार भलत्याच गोष्टींचा, असं होईल. दुसरा उपाय, विसर्जन. त्याला 1860 च्या कायद्याप्रमाणे तीन पंचमांश सभासदांची संमती लागते, आणि उरलेली रक्कम आपापसात वाटता येत नाही, दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. तीन पंचमांश माणसं एका जागी बोलवायची तर आम्हाला रुग्णवाहिका लागतील.

गेल्या वार्षिक सभेत गणसंख्या भरली नाही. नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब करून तीच सभा पुन्हा घेतली. तेवढ्यात चहा झाला, आणि चहावर जे सभेत झालं नसतं ते जमलं. वीरपत्नींना पूर्ण सभासदत्व आणि मत. मुलांना सहयोगी सभासदत्व, मत नाही, पण कागदाचं काम त्यांच्याकडे. शिल्लक रकमेतून निम्मी पेन्शन-प्रकरणांच्या खर्चाला बाजूला. विसर्जनाचा विषय 2030 च्या सभेपर्यंत काढायचा नाही, तोवर जे असतील ते ठरवतील. ठराव आवाजी मतानं मंजूर झाला. विरोधात तिघे होते, त्यात आमचे खजिनदार. त्यांनी तिथेच राजीनामा माझ्या हातात ठेवला. मी तो फाइलला लावला आहे, पण पुढे पाठवलेला नाही, आणि त्यांनीही परवा चेकवर सही केली. खजिनदार बदलायचा तर पुन्हा चेंज रिपोर्ट, हे त्यांनाही ठाऊक आहे.