अल्पसंख्याक दर्जा आणि २(एफ): आमच्या कॉलेजचा अनुभव

मिशन कंपाउंडातल्या आमच्या लहानशा कॉलेजला अल्पसंख्याक दर्जा हवा होता आणि त्यापाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) २(एफ) मान्यता, म्हणजे यूजीसी कायद्याच्या कलम २(एफ) खालची. अर्ज लिहायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो संस्थेची घटना, धर्मादाय कार्यालयाचा शेड्यूल वनचा उतारा (ट्रस्टची आणि विश्वस्तांची नोंद) आणि सातबारा हे तीन कागद एकमेकांशी जुळवण्यात.

अल्पसंख्याक दर्जा देणारा, २००४ च्या कायद्याने नेमलेला राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोग तीन गोष्टी बघतो: संस्था ख्रिस्ती लोकांनी काढली का, समाजाच्या हितासाठी काढली का, आणि कारभार त्यांच्याच हाती आहे का. आमच्या घटनेत उद्देश होता 'सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींना उच्च शिक्षण देणे'. वाक्य मिशनच्या परंपरेला शोभणारंच, पण त्यात ख्रिस्ती समाजाचा उल्लेख नाही, म्हणजे दुसऱ्या मुद्द्यावर अर्ज अडणार. आम्ही ते वाक्य काढलं नाही. त्याच्या आधी 'मुख्यत्वे ख्रिस्ती समाजाच्या शैक्षणिक उन्नतीसाठी' एवढी भर घातली. इतर धर्मांच्या मुलांना घेतलं म्हणून दर्जा जात नाही, हे विश्वस्तांना आधीच नीट समजावून सांगा. आमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चा याच एका ओळीवर झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

ही भर साध्या ठरावाने घालता येत नाही. १८६० च्या सोसायटी कायद्याचं कलम १२ लागतं: दहा दिवस आधी प्रस्ताव सभासदांच्या हाती, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, मग महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा आणि पुन्हा तीन पंचमांश. दोन्ही सभा एकाच आठवड्यात उरकल्या तर ठराव टिकत नाही.

शेड्यूल वनवर आमच्या सातपैकी तीन विश्वस्तांचं निधन झालेलं होतं, नावं मात्र तशीच. मग कारभार कोणाच्या हाती, हे दाखवणार कसं? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी खबर, धर्मादाय कार्यालयाला द्यायची असते. ती राहिली असेल तर मृत्यूचे दाखले, निवडीचा ठराव, नव्या विश्वस्तांचं संमतिपत्र आणि सोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. धर्माच्या पुराव्यासाठी प्रतिज्ञापत्राबरोबर चर्चच्या रजिस्टरमधला बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला बरा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतरही तयार ठेवा.

जागेचं प्रकरण सगळ्यात किचकट. सातबाऱ्यावर अख्खं कंपाउंड एकाच गटात: चर्च, बोर्डिंग, दवाखाना, कॉलेज, आणि मालक म्हणून चर्चचा वेगळा ट्रस्ट. यूजीसीच्या २००९ च्या संलग्नता नियमांत महानगरात २ एकर आणि इतरत्र ५ एकर जागा सांगितली आहे. म्हणून भूमी अभिलेखकडून मोजणी करून कॉलेजचा हिस्सा वेगळा दाखवावा लागला. ट्रस्टची बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. करार करून मग परवानगी मागणं उलटतं. संलग्नता नियमांप्रमाणे वर्गखोलीत दर विद्यार्थ्यामागे १५ चौरस फूट आणि प्रयोगशाळेत २०. आमची जुनी २४ बाय ३० ची खोली या हिशेबाने ४८ मुलांची निघाली, तुकडी ६० ची. मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक केली.

२(एफ) मुळे कॉलेज यूजीसीच्या यादीत येतं. केंद्राच्या अनुदानासाठी त्याच कायद्याच्या कलम १२(बी) खालची मान्यता लागते, आणि १७ जून १९७२ नंतर निघालेल्या कॉलेजांना ती वेगळी मागावी लागते.

अर्ज पाठवण्याआधी नाव तपासा. आमच्या नोंदणीपत्रावर 'ख्रिस्ती', संलग्नतेच्या पत्रावर 'ख्रिश्चन', बँकेत 'क्रिश्चन' होतं. तिन्ही एकच संस्था आहे, असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच गठ्ठ्यात लावलं.