दादल्याचं कडवं

"एका भारुडापायी घर सोडलंस होय गं?" सांगलीच्या विश्रामबागेतल्या भाजीवालीपासून मामेसासूबाईंपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. विचारताना बहुतेक जण हसतातही. नाही म्हणावं तर खोटं होईल, हो म्हणावं तर तुम्ही आणखी हसाल. म्हणून एकदाच सांगते.

घरात नवऱ्याला माझ्या बारीकसारीक गोष्टीचा हिशोब द्यावा लागायचा, त्यात आत्ता जात नाही.

नवरात्रात देवीपुढं आमच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम होता. एकनाथांचं 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला'. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडंच खपव, सासूला निर्दाळ, जावेला बोडकी कर. दर कडव्याला बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात. आम्ही कडवी वाटून घेतली, त्यात दादल्याचं माझ्या वाट्याला आलं. 'दादला मारून आहुती देईन, मोकळी कर गे मला.' तालमीत मी ते झक्क म्हणत होते, अगदी हातवाऱ्यांसकट.

त्या रात्री नवरा सांगलीत नव्हताच. पण माझं कडवं आलं आणि समोर एक मोबाईल वर झाला. कुणाची तरी सून शूटिंग करत होती. आता हे ग्रुपवर पडणार, तिथून त्याच्याकडं जाणार, आणि दिवा मालवल्यावर तो अगदी हळू आवाजात विचारणार, "म्हणताना हसत होतीस ना?" मी तोंड मिटलं. नुसता टाळ कुटत राहिले. एक आवर्तन रिकामं गेलं.

शेजारच्या काकूंनी ते उचललं. त्यांचे यजमान ढोलकीवर होते. काकूंनी पदर खोचला, सरळ त्यांच्याकडं वळल्या आणि बोट नाचवत म्हणाल्या, 'दादला मारून आहुती देईन'. काका मान तिरकी करून म्हणाले, "दे की!" आणि अशी थाप हाणली की अख्खा मांडव हसला. मीही हसले. हसता हसताच कळलं, मला काकूंचा हेवा वाटतोय. समोर बसलेल्या नवऱ्याला त्या मारायचं गाणं ऐकवू शकत होत्या. मला घरात नसलेल्या नवऱ्यापुढंही ते जमलं नव्हतं.

बस्स, एवढंच झालं. निघाले ती दिवाळी उरकून.

एक आजोबा म्हणाले, "अगं, दादला, सासू म्हणजे आपल्या आतले विकार. नाथांनी ते संसार मोडायला नाही रचलं." मान्य. नाथ स्वतः पैठणात गिरिजाबाईंबरोबर संसार करत होते. पण आजोबा, मला त्या वेळी विकार नाही दिसले, मोबाईल दिसला.

"हात तर कधी उचलला नाही ना त्यानं?" नाही उचलला. हे तुमच्याआधी मीच मला कितीदा तरी सांगितलंय. एटीएम कार्ड त्याच्याकडं होतं, मिरजेला आईकडं जाऊन आले की बसचं तिकीट दाखवायचं होतं, पण हात नव्हता, म्हणजे सगळं ठीक! वकीलबाईंनी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा पुढ्यात ठेवला. शाब्दिक, भावनिक, आर्थिक छळसुद्धा त्यात धरलाय. वाचून बरं वगैरे काही वाटलं नाही, संताप आला. हे कागदावर होतं आणि मी नणंदेला विचारत बसले होते, "माझंच काही चुकतंय का हो?"

आणि "आधी का नाही निघालीस?" हे तरी सांगलीकरांनी विचारू नये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांना आलं की इशारा, ४५ ला धोका, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतं. तरी २०१९ च्या पुरात किती जण माळ्यावर सामान टाकून बघत बसले होते, आणखी चढतंय का ते? माझ्या घरात तर फूट मोजायची पट्टीही नव्हती.

तो राक्षस नाही, हेही लिहून ठेवते. मला टायफॉइड झाला तेव्हा रात्र रात्र उशाशी बसला होता. ते खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. परत जाणार का? ठाऊक नाही. भांडणात माझ्या बाजूचं बोलायला आलेल्यांनाही हे आवडत नाही.

यंदा काकूंनी पुन्हा तेच कडवं माझ्या नावावर टाकलंय. मी जावेचं मागितलंय.