पेलाभर पाणी गेलं कुठे?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली की अमळनेरचं आमचं घर गजबजतं. यंदा भाची अकरावीत. ठाण्याची पोर, ४३ डिग्रीत उतरली ती थेट नव्या माठाकडे. दोन पेले रिचवून म्हणाली, "मामा, एन्ट्रॉपी म्हणजे पसारा, आणि तो वाढतच जातो ना? मग हे पाणी आपोआप गार कसं झालं?"

मी फिजिक्स शिकवतो. 'पसारा' हा शब्द वर्षानुवर्षं मीच फळ्यावर लिहीत आलोय, विस्कटलेल्या खोलीच्या उदाहरणासकट. आता पंचाईत माझीच.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझियसने १८६५ मध्ये 'एन्ट्रॉपी' हा शब्द घडवला तेव्हा त्याच्या डोक्यात पसारा नव्हताच. उष्णता भागिले तापमान, एवढा रोकडा हिशेब होता. बाहेरून सगळं तसंच दिसत असताना आतले रेणू किती तऱ्हांनी असू शकतील, ही मोजणी म्हणजे एन्ट्रॉपी, हे नंतरच्या बोल्ट्झमान या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचं. ते सूत्र व्हिएन्नात त्याच्या थडग्यावर कोरलंय.

मग वहीच घेतली. माठात दहा लिटर पाणी, ३५ वरून २५ अंशांवर आलं. म्हणजे ४१८ किलोज्यूल उष्णता गेली. माठातून झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होते ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन; एका ग्रॅमला साधारण २.४ किलोज्यूल लागतात. भागाकार केला तर पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. पेलाभर पाणी माठाच्या छिद्रांतून उडालं! (बाहेरची उष्णता आत झिरपते ती धरली नाही, खरं तर जास्तच उडतं.) माठातल्या पाण्याची एन्ट्रॉपी घटली, हे भाचीचं बरोबर. पण दाटीवाटीत असलेले त्या पेल्यातले रेणू आता कोरड्या वाऱ्यात पांगले. त्यांच्या तऱ्हा इतक्या वाढल्या की माठाची घट भरून वर शिल्लक उरते. माठ आणि वारा यांचा खातेउतारा एकत्रच बघायचा.

"म्हणून ठाण्यात आमचा माठ ढिम्म!" हे तिचं तिनेच ओळखलं. तिथली हवा आधीच दमट, वाफेला पांगायला जागा कुठे? आमच्या उन्हाला नावं ठेवणाऱ्या मेव्हण्यांना मी लगेच ऐकवलं, या कोरड्या झळांमुळेच तुम्ही गार पाणी पिताय.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?" आईने ओसरीवरून हाक मारली. गेल्या वर्षीचा माठ क्षारांनी छिद्रं बुजून निकामी झालाय. त्यात तिला तुळस लावायचीय, आणि बुडाला भोक मी पाडायचंय.